चित्रप्रणालींचे परिवर्तन आणि ध्वनिसामग्रीचे प्रामाण्य

दादासाहेब फाळके यांनी नाशिक येथे चित्रपट निर्माण केले, त्या काळी चित्रग्राहक हाताने फिरविला जाई. चित्रपट मूक असल्यामुळे वेग थोडा चुकला, तरी तो पात्रांच्या हालचालींपुरताच जाणवे. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट पडद्यावर आला, तोवर सेकंदास २४ चित्रे हा वेग निश्चित झालेला होता. कारण वेग बदलला की आवाजही बदलतो. हे साधे तत्त्व आज तबकडीवरील संभाषण भाषासामग्री म्हणून वापरणाऱ्या अभ्यासकानेही ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

दूरचित्रवाणीच्या दोन प्रणाली येथे प्रस्तुत आहेत. अमेरिकेत १९५३ साली मान्य झालेल्या रंगीत एनटीएससी प्रणालीत ५२५ रेषा व सेकंदास सुमारे २९.९७ चित्रे असतात. पश्चिम जर्मनीत वाल्टर ब्रुख यांनी सिद्ध केलेली पॅल प्रणाली भारताने १९८२ साली रंगीत प्रक्षेपणासाठी स्वीकारली; तीत ६२५ रेषा व २५ चित्रे असतात. चित्रसंख्येतील या भेदाचे मूळ विद्युत्प्रवाहाच्या कंप्रतेत आहे: अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, भारतात ५०. डीव्हीडी तबकडीवर दृश्य रेषा अनुक्रमे ४८० व ५७६ असतात.

अमेरिकेतील बहुतेक तबकडीयंत्रे पॅल तबकडी स्वीकारीत नसत. त्यामुळे येथे ध्वनिचित्रमुद्रित झालेले मराठी नाटक तेथील मराठी कुटुंबांनी पाहावयाचे, तर प्रणाली बदलणे भाग पडे. याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिल्यात कालावधी तोच ठेवून, चित्रांची पुनरावृत्ती अथवा मिश्रण करून २५ चित्रांची सुमारे ३० केली जातात. हालचाल किंचित अडखळते वा पुसट होते, परंतु ध्वनी अबाधित राहतो. दुसऱ्यात वेग २५ वरून २३.९७६ वर उतरवून दर चार चित्रे पाच चित्रांच्या अवकाशात विभागतात. येथे हालचाल सुबक दिसते. मात्र ध्वनीही सुमारे ४.१ टक्के मंदावतो.

मूळ कृती चित्रपट असेल आणि पॅलसाठी तिचा वेग २४ वरून २५ केला गेला असेल, तर ही मंदगती म्हणजे मूळ वेगाची जवळजवळ पुनःस्थापनाच होय. परंतु नाटक प्रारंभीच २५ चित्रांच्या वेगाने मुद्रित झाले असेल, तर तीच क्रिया विकृती ठरते. २०० हर्ट्झचा सूर सुमारे १९२ वर येतो. १०० मिलिसेकंदांचा स्वर १०४ चा होतो. मुखविवराच्या घडणीमुळे स्वरास लाभणारे अनुनादही त्याच प्रमाणात खाली सरकतात. एकाच तबकडीवरील ऱ्हस्व व दीर्घ स्वरांचे परस्पर गुणोत्तर बिघडत नाही. परंतु दोन भिन्न तबकड्यांवरील वक्त्यांची तुलना केली, तर यंत्राने निर्माण केलेला फरक बोलीभेद म्हणून नोंदला जाण्याचा धोका संभवतो.

हा दोष ओळखण्याची एक सुलभ कसोटी आहे. भारतातील ध्वनिमुद्रणात विद्युत्प्रवाहाची मंद गुणगुण पुष्कळदा मिसळलेली असते. ती ५० हर्ट्झच्या निकट असावयास हवी. ती ४८ च्या आसपास आढळल्यास ध्वनी मंदावला आहे, ५२ च्या आसपास आढळल्यास जलद झाला आहे, असे समजावे. तथापि काही परिवर्तनांत सूर कृत्रिम रीतीने पूर्ववत केलेला असतो. तेव्हा ही कसोटी निरुपयोगी ठरते, कारण कालमान तेवढे बदललेले राहते. अशा वेळी मूळ प्रतीच्या कालावधीशी ताडून पाहणे हाच उपाय.

म्हणून प्रबंधात तबकडीचा निर्देश करताना केवळ कृतीचे नाव व वर्ष देऊन भागत नाही. मूळ मुद्रण कोणत्या वेगाने झाले, तबकडी कोणत्या प्रणालीची आहे आणि परिवर्तन कोणत्या मार्गाने झाले, या तीन गोष्टी नोंदविल्याखेरीज सूर व कालमान यांच्या मापनास प्रमाण मानता येणार नाही.