बेल्ट नवा, तरी आवाज जुनाच? व्हॅनच्या 'टेन्शनर'कडे कधी बघितलंय का?

सकाळी व्हॅन सुरू केली की बॉनेटखालून 'चींऽऽ' असा आवाज येतो. दोन मिनिटांनी थांबतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मग एसी लावला की पुन्हा येतो. पावसात तर शेजारपाजारच्यांनाही ऐकू जातो. शेवटी गॅरेजमध्ये जाऊन बेल्ट बदलला जातो. आठवडाभर शांतता, आणि मग पुन्हा तोच आवाज!

अशा वेळी आपण बेल्टच्या कंपनीला नाहीतर मेकॅनिकला दोष देतो. पण खरा दोषी अनेकदा तिसराच असतो. त्याचं नाव आहे टेन्शनर.

हा टेन्शनर करतो तरी काय?

इंजिनच्या पुढच्या बाजूला एक लांब, चपटा, आतून खाचा असलेला रबरी पट्टा फिरताना दिसतो. गॅरेजच्या भाषेत आजही त्याला 'फॅन बेल्ट' म्हणतात. इंजिनची मुख्य पुली फिरली की हा पट्टा अल्टरनेटर (म्हणजे आपला डायनॅमो), एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांमध्ये पॉवर स्टिअरिंगचा पंप व वॉटर पंपही फिरवतो. इंजिनच्या आतला टायमिंग बेल्ट वेगळा. त्या दोघांची गल्लत करू नका.

एवढी सगळी कामं एकाच पट्ट्याने करायची तर तो कायम योग्य ताणात हवा. सैल पडला तर पुलीवर घसरणार, जास्त ताणला तर बेअरिंग खाणार. शिवाय रबर गरम-थंड होतं, झिजतं, लोड कमी-जास्त होतो. हा ताण सतत सांभाळायचं काम टेन्शनरचं. त्यात एक दणकट स्प्रिंग, एक हलणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला एक पुली असते. आत हादरे शोषणारा एक भागही असतो. तो नसेल तर दांडा थडथड उडत राहील.

काही छोट्या किंवा जुन्या व्हॅनमध्ये असा स्प्रिंगचा टेन्शनर नसतो. तिथे बोल्ट फिरवून ताण द्यावा लागतो, तोही वेळोवेळी तपासून.

बिघडला तर काय होतं?

समजा, नाशिकहून भाजी भरून निघालेली व्हॅन कसारा घाटात आहे आणि बेल्ट निसटला. आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर ते एकदम जड होतं. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर टेम्परेचरचा काटा चढू लागतो. तसंच गाडी दामटली तर हेड गास्केट जाऊ शकतं, आणि मग खर्च बेल्टचा राहत नाही, इंजिनचा होतो.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. काही डिझेल गाड्यांमध्ये ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. तिथे बेल्ट गेला की काही वेळा दाबल्यानंतर ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट होतो. ब्रेक लागतो, पण पायाला खूप जास्त जोर द्यावा लागतो. भरलेली गाडी आणि घाटाचा उतार असेल तर हा खेळ नाही.

तपासायचं कसं?

इंजिन सुरू असताना हात, ओढणी, शर्टाची बाही बेल्टपासून लांब ठेवा. फक्त बघा आणि ऐका.

१. दांड्याकडे बघा. इंजिन सुरू असताना तो किंचित थरथरला तर ठीक. पण मोठ्या झोक्याने हलत असेल तर आतला हादरे शोषणारा भाग किंवा स्प्रिंग थकली आहे.

२. बेल्ट पुलीवर सरळ चालतोय का? एका कडेला सरकत असेल, कडेचे धागे निघत असतील, तर पुली तिरकी झालेली असू शकते.

३. आवाज ओळखा. 'चींऽऽ' म्हणजे बहुधा बेल्ट घसरतोय. 'घरघर' म्हणजे बेअरिंगचं ग्रीस संपत आलंय.

४. पाण्याची युक्ती करा. लांबूनच स्प्रे बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी मारा. आवाज लगेच वाढला तर ताण कमी आहे. काही सेकंद गप्प होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत.

५. पुढचं काम मेकॅनिकचं. इंजिन बंद करून बेल्ट काढल्यावर टेन्शनरची पुली हाताने फिरवून बघायला सांगा. ती खरखरली, अडखळली किंवा डगडगली तर ती बाद. दांडाही न अटकता हलला पाहिजे. स्प्रिंग खूप जोरात परत येते, म्हणून घरच्या घरी पान्याशी खेळ नको.

बेल्ट काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो मात्र काढून ठेवा. कोणत्या पुलीवरून तो कसा गेलाय, हे नंतर आठवत नाही.

'बेल्टला भेगा नाहीत, म्हणजे चांगला आहे'?

हा समज जुन्या रबराच्या काळातला. तेव्हा बेल्ट म्हातारा झाला की त्याला भेगा पडायच्या. आता बहुतेक बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. त्यांना सहसा भेगा पडत नाहीत. टायर झिजावा तशा त्यांच्या खाचा झिजतात. दिसायला बेल्ट ठणठणीत, पण पकड गेलेली! त्यासाठी खाचांची खोली गेजने मोजावी लागते.

या चुका टाळा

आवाज बंद करायला बेल्टवर तेल, ग्रीस किंवा स्प्रे मारू नका. आवाज तात्पुरता जातो, बेल्ट मात्र आणखी घसरतो. इंजिनमधून ऑइल किंवा कूलंट गळून बेल्टवर पडत असेल तर आधी गळती थांबवा. गाडी धुताना प्रेशरचा फवारा थेट पुलीच्या बेअरिंगवर धरू नका.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे फक्त बेल्ट बदलून निघू नका. बेल्ट जितकी वर्षं फिरलाय, तितकीच वर्षं टेन्शनरची स्प्रिंग आणि बेअरिंगही राबलेत. थकलेला टेन्शनर नव्या बेल्टलाही लवकर खातो. त्यामुळे प्रत्येक वेळी बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर पुली तपासून घ्या, झिजले असतील तर एकत्रच बदला. तेवढी मजुरी दोनदा भरावी लागत नाही.

किती किलोमीटरला बदलायचा, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. पण डिलिव्हरी किंवा शाळेची व्हॅन असेल तर नुसत्या मीटरवर विसंबू नका. सिग्नलला, सोसायटीच्या गेटवर गाडी उभी असते तेव्हा मीटर थांबलेला असतो, बेल्ट मात्र फिरतच असतो. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला आणि पावसाळ्याआधी एकदा ही तपासणी कराच.

रस्त्यात बॅटरीचा दिवा लागला आणि काटाही चढू लागला, तर गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. एका खेपेचं भाडं बुडेल, पण इंजिन वाचेल.

तुमच्या ओळखीत कुणाची व्हॅन रोज सकाळी 'चींऽऽ' करत सुरू होत असेल, तर त्यांना हे नक्की पाठवा!