‘श्वास’ श्रेष्ठ की ‘कोर्ट’?

मागच्या वेळी एकाने विचारलं, ‘सर, “श्वास” श्रेष्ठ की “कोर्ट”?’ दोघांनाही राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेलं. लगेच मागून आवाज आला, ‘ज्याची त्याची आवड!’ असं म्हटलं की वाद मिटतो खरा, पण प्रश्न तसाच राहतो.

‘हे मला रुचतं’ आणि ‘हे सुंदर आहे’ ही दोन निराळी विधानं आहेत, असं कांटने १७९० मध्ये मांडलं. दुसरं विधान करताना आपण इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो. मी पुढे म्हणेन, अपेक्षा धरायची तर कलाकृतीत बोट ठेवून काही दाखवायला हवं.

माझंच सांगतो. ‘श्वास’मध्ये शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी जाणार, म्हणून आजोबा त्याला आदल्या दिवशी शहर दाखवायला नेतात. मला रडू आवरलं नाही. ‘कोर्ट’ बघताना डोळे कोरडेच होते. तरी मी ‘कोर्ट’ला श्रेष्ठ म्हणतो. का? त्यातल्या सरकारी वकीलबाई लोकशाहिराला तुरुंगात ठेवायला झटतात आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकाला लागतात. त्यांचा राग धरावा तर धरवत नाही. अन्याय समोर दिसतो, खलनायक सापडत नाही.

कुणी म्हणेल, ‘खलनायक “श्वास”मध्ये तरी कुठे आहे?’ आक्षेप रास्त आहे. पण तिथे रोग आहे, त्याला जाब विचारता येत नाही. न्यायव्यवस्था माणसंच चालवतात. हे पटलं नाही तर खोडून काढा, मला आवडेल. फक्त ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून उठून जाऊ नका.