रविवारची दोन दालनं

आई वाचनालयातून आणायची त्या कादंबऱ्यांना मुखपृष्ठ नसायचं. पुस्तक नवं आलं की आधी बाइंडरकडे जायचं आणि जाड पुठ्ठा, काळंतपकिरी कापड चढवून परत यायचं. कण्यावर शाईने नाव आणि नंबर. आतली गोष्ट कितीही गुलाबी असली तरी बाहेरून सगळी पुस्तकं जमाखर्चाच्या वह्यांसारखी दिसायची. एखादा हौशी बाइंडर मात्र मूळ चित्र फेकून न देता कापून आतल्या पानावर चिकटवायचा. असं पुस्तक हाती आलं की आई मला हाक मारायची, ‘बघ गं, आज चित्र आहे.’ खिडकीशी उभी, वेणीत फूल माळलेली, मान किंचित वळवलेली एक मुलगी. मागे दोनच रंगांत उरकलेली संध्याकाळ. आई गोष्टीकडे जायची, मी चित्रापाशी थांबायची.

पुढे कळलं की अशी कितीतरी चित्रं दोन गोवेकरांच्या हातची होती. दीनानाथ दलाल १९१६चे, रघुवीर मुळगावकर त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघांची कर्मभूमी मुंबई. दलाल जे. जे.त शिकले आणि १९४५मध्ये त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला. मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला. दलालांची रेघ मोकळी, गोष्टीच्या स्वभावाप्रमाणे बदलणारी. मुळगावकरांचा रंग स्प्रेने उडवलेला, धुक्यासारखा मऊ. त्यांच्या देवदेवता कॅलेंडरवरून घरोघरी पोचल्या आणि त्याच हाताने काढलेल्या नायिका कादंबऱ्यांवरून. ज्या घरांत कलादालन हा शब्दही कधी उच्चारला गेला नाही, तिथल्या भिंतीवर आणि उशाशी ही चित्रं होती. प्रेमकथा आणि चित्र मराठी घरात हातात हात घालूनच शिरली, असं मला वाटतं ते यामुळे. दोघांचा पाहुणचारही सारखाच झाला. एकीला ‘टाइमपास’ म्हटलं गेलं, दुसऱ्याला ‘कॅलेंडर’.

मी कोल्हापूरची. निवृत्त झाल्यापासून माझा रविवार या दोघांना दिलेला आहे. सकाळी चित्रं, दुपारी कादंबरी. यासाठी माझ्या गावाइतकं सोयीचं गाव मला दुसरं माहीत नाही.

सकाळी दसरा चौकात उतरायचं. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात बहुतेक वेळा काही ना काही मांडलेलं असतं: कुणा चित्रकला शिक्षकाची जलरंगातली निसर्गचित्रं, एखाद्या कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन, कधी छायाचित्रं, कधी सुलेखन. आत जायला पैसे पडत नाहीत. दाराशी टेबल, त्यावर अभिप्रायाची वही, आणि त्यामागे चित्रकार स्वतः. गावातल्या प्रदर्शनाचं मला सगळ्यात आवडतं ते हेच, की ज्याने काढलं तो समोर असतो. ‘हा पंचगंगेचा घाट कुठून बसून काढला?’ असं विचारलं की तो खुलतो. कुठल्या पायरीवर बसला होता, पाणी किती वर होतं, कागद वाळायच्या आत ऊन कसं सरकलं, सगळं सांगतो. तेवढं ऐकून पुन्हा चित्राकडे वळलं की मघाशी नुसता निळा दिसलेला पट्टा सकाळी आठचं पाणी होऊन जातो.

तिथून टाउन हॉल चालत जाण्याइतका जवळ. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेली ही गॉथिक वळणाची इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती पाहायला बाहेरगावचे लोक येतात. मी आतल्या चित्रांकडे जाते. कोल्हापूरच्या चित्रकारांची वंशावळच तिथे भेटते. शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१मध्ये गेले. त्यांनी कोटितीर्थाच्या काठी राहून त्या तळ्याची, झाडांची, उतरत्या प्रकाशाची चित्रं काढली. जगभर हिंडावं अशी तळमळ त्यांत कुठे दिसत नाही. एकच पाणी पुन्हा पुन्हा पाहिलं की ते कधीच एक राहत नाही, ही गोष्ट मी त्यांच्याकडून शिकले. त्यांच्या पुढच्या पिढीचे बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता कॅमेराच घडवायला निघाले आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली.

राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे यांच्या घरी मात्र वेगळा सबंध वेळ काढून जावं. १९५२च्या ‘छत्रपती शिवाजी’ चित्रपटातले महाराज म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण पडद्याबाहेर हा माणूस आयुष्यभर निसर्गचित्रं काढत राहिला. पावडर शेडिंग या पद्धतीवर त्यांचा विशेष जीव. कोरडी रंगीत पूड कागदावर घासत, चोळत छाया उतरवायची. डोंगराची कड त्यात अशी विरघळते की बघणारा नकळत आवाज खाली आणतो. राहतं घर आणि चित्रं त्यांनी सरकारच्या हवाली केली आणि आता तिथे संग्रहालय आहे. मी गेले तेव्हा बहुतेक वेळा मी एकटीच होते. एका चित्रासमोर अर्धा तास बसले तरी कुणी ‘पुढे सरका’ म्हणालं नाही. मोठ्या शहरांतल्या मोठ्या प्रदर्शनांत हे सुख मिळत नाही.

दुपारचं दालन वेगळं. करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. पावणेदोनशे वर्षांची ही संस्था आजही पुस्तक बदलून देते. ‘बदलून आणणं’ हा आपला किती छान शब्दप्रयोग आहे! एक जग परत करायचं, दुसरं घेऊन यायचं. मी प्रेमाच्या कादंबऱ्या आणते, आणि त्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणत नाही.

ज्या गावात मी या कादंबऱ्या वाचते, त्याच गावात त्यांच्यावरून मराठीतला एक मोठा वाद रंगला. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. ‘जादूगार’ १९२८ची, ‘दौलत’ १९२९ची. ऐटदार नायक, बोलक्या नायिका, पहिल्या भेटीतली थट्टा, गैरसमज, दुरावा, आणि वाचकाला पान उलटायला लावणारी ती घट्ट वीण. ही वीण कशी घालतात हे त्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये उघड करून सांगितलं. कलेने आनंद द्यावा, एवढं तिला पुरे, ही त्यांची भूमिका. वि. स. खांडेकर १९३८मध्ये शिरोडे सोडून कोल्हापूरला आले. त्यांना कला जीवनासाठी हवी होती. त्यांचे प्रेमिक प्रेमात पडतानाही गरिबीचा, ध्येयाचा, त्यागाचा विचार करतात. १९४०च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके, पुढच्याच वर्षी सोलापूरला खांडेकर. महाराष्ट्र दोन तटांत विभागला गेला, आणि दोन्ही तटांचे सेनापती एकाच गावात राहत होते.

मला विचाराल तर मी दोघांचीही. खांडेकरांची ‘अमृतवेल’ वाचून मी रडले आहे. पण फडक्यांची बाजू घेणारं आता फारसं कुणी उरलं नाही, म्हणून ती मी घेते. दिवसभर घर, कचेरी, आजारपणं, हिशेब यांत पिचलेल्या बाईने दोन तास दुसऱ्या कुणाच्या तरी हुरहुरीत घालवले तर त्याचं समर्थन तिच्याकडे मागायचं कशाला? माझी आई नऊजणांचा स्वयंपाक आटोपून, ओटा पुसून, पदराने हात कोरडे करून पुस्तक उघडायची. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी दुसऱ्या कशानेही आलेलं पाहिलं नाही.

अशा वाचकांसाठी लिहिणाऱ्यांची रांगही लहान नव्हती. चंद्रकांत काकोडकर त्यांतले सर्वांत खपाचे आणि सर्वांत बदनाम. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून राज खोसलांनी ‘दो रास्ते’ काढला. १९६२च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आलेल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एका दिवाळी अंकातल्या प्रेमकथेसाठी सात वर्षं! समाजाचे मापदंड बदलत असतात आणि लिखाण सबंध वाचून तोलावं लागतं, असा त्या निकालाचा आशय होता. मी तो वाचला तेव्हा मला आईची आठवण झाली. ती काकोडकरांचं पुस्तक गादीखाली ठेवायची.

मग बायका लिहू लागल्या आणि नायिकेचं मन आतून दिसायला लागलं. कुसुम अभ्यंकर रत्नागिरीच्या डॉक्टर, पुढे आमदारही झाल्या. योगिनी जोगळेकर शास्त्रीय गायिका. शकुंतला गोगटे, शैलजा राजे. या लेखिकांच्या पानांत प्रेमाबरोबर सासर आहे, नोकरी आहे, स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली साडी आहे. बायका कधीपासून एकट्या सिनेमाला जाऊ लागल्या, हे मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा इथे जास्त सापडतं. समीक्षेने त्यांच्यासाठी फारशी जागा ठेवली नाही, याचा मला राग आहे. वाचनालयाने ठेवली. त्यांच्या पुस्तकांमागे चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के ओळीने उठलेले असतात. कागद भरला म्हणून त्यावर दुसरा चिकटवलेला, त्यावर तिसरा.

थंडीच्या दिवसांत टाउन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ या संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ भरते. झाडांखाली चित्रकार ईझल मांडून बसतात, शिल्पकार मातीचं डोकं घडवत असतो, बाजूला गाणं चालू असतं. लोक मुलांना खांद्यावर घेऊन हिंडतात. मागे एकदा अशीच गेले होते, पिशवीत बदलून आणलेली कादंबरी होती. एक कॉलेजातली मुलगी समोरच्या वडाचं जलरंगात चित्र काढत होती. रंग वाळेपर्यंत थांबायचं म्हणून मी जवळच्या कठड्यावर बसून पुस्तक उघडलं. दोन प्रकरणं कधी झाली कळलं नाही. मान वर केली तर ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या वडाखाली, मघाशी रिकाम्या असलेल्या जागी, पुस्तकात डोकं घातलेली एक बाई आली होती.

‘काकू, हलू नका ना,’ ती म्हणाली. ‘अजून थोडं वाचा.’