जीटीए 6: तेरा वर्षं गेली कुठे?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा सहावा भाग आधी 2025 च्या अखेरच्या महिन्यांत यायचा होता. मग 26 मे 2026 ही तारीख जाहीर झाली आणि 6 नोव्हेंबर 2025 रोजी तीही पुढे ढकलून 19 नोव्हेंबर 2026 करण्यात आली. डिसेंबर 2023 मध्ये आलेला पहिला ट्रेलर चोवीस तासांत नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. तेव्हापासून चाहत्यांनी वाट पाहण्याचाच एक खेळ करून टाकला आहे. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने टाकलेल्या चित्रातल्या चंद्राच्या कला पाहून पुढच्या ट्रेलरची तारीख वर्तवायची, दोन ट्रेलर आणि फुटलेले व्हिडिओ यांतले रस्ते जुळवून लिओनिडा या काल्पनिक राज्याचा नकाशा काढायचा, जगात काहीही घडलं की ‘जीटीए 6 च्या आधी हेही झालं’ म्हणून हसायचं. या उद्योगात कल्पकता भरपूर आहे, मजाही आहे. पण तारीख पुढे गेली की जो वाद पेटतो, त्यात सगळे ‘कधी?’ यावर भांडतात. ‘इतकी वर्षं का?’ हे फार थोडे विचारतात. खरं तर या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच येणारा गेम कसा असेल याचा सगळ्यात चांगला अंदाज दडलेला आहे.

मालिकेचा इतिहास पाहा. तिसरा भाग 2001 मध्ये आला, ‘व्हाइस सिटी’ 2002 मध्ये, ‘सॅन अँड्रियास’ 2004 मध्ये, चौथा 2008 मध्ये आणि पाचवा 17 सप्टेंबर 2013 रोजी. त्यानंतर तेरा वर्षं नवा भाग नाही. या काळात पाचवा भाग मात्र पुन:पुन्हा विकला गेला: 2014 मध्ये नव्या कन्सोलवर, 2015 मध्ये पीसीवर, 2022 मध्ये त्याहून नव्या कन्सोलवर. एकच गेम, कन्सोलच्या तीन पिढ्या, एकवीस कोटींहून अधिक प्रती. 1 ऑक्टोबर 2013 रोजी त्याला जोडून ‘जीटीए ऑनलाइन’ सुरू झालं. तिथे खेळातल्या पैशांनी घरं, गाड्या, विमानं घ्यायची आणि ते पैसे कमावण्याचा कंटाळा आला तर खऱ्या पैशांनी ‘शार्क कार्ड’ घ्यायचं. ज्या दुकानात रोज गल्ला भरतो त्याच्या मालकाला शेजारी दुसरं दुकान उघडायची घाई नसते.

घाई कशी ओसरली याचा एक पुरावा कथेच्या बाजूला सापडतो. चौथ्या भागाला 2009 मध्ये दोन मोठी कथात्मक उपप्रकरणं मिळाली होती. पाचव्यासाठीही 2014 मध्ये अशी भर येईल असं सांगितलं गेलं, पण ती आली नाही. नव्या कन्सोलसाठी गेम तयार करणं, ऑनलाइनचं काम आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ यांत माणसं गुंतली होती, असं कंपनीने नंतर सांगितलं. दुसरा पुरावा त्याच ‘रेड डेड’चा. त्याचीही ऑनलाइन बाजू होती, पण ‘जीटीए’सारखी ती चालली नाही. 2022 मध्ये कंपनीने त्यात मोठी भर घालणं थांबवलं आणि मनुष्यबळ पुढच्या ‘जीटीए’कडे वळवलं. त्या जुलैत खेळाडूंनी काळे कपडे चढवून गेममध्येच त्याचा अंत्यविधी उरकला. विनोदी प्रकार होता, पण कंपनीची माणसं कुठून कुठे जातात हे त्या खेळाडूंना नीट कळलं होतं.

यावर पहिला आक्षेप असा की गेमच आता प्रचंड झाले आहेत, त्यांना वेळ लागणारच. हे खरं आहे. 2018 चा ‘रेड डेड 2’ घडायला सुमारे आठ वर्षं लागली आणि रॉकस्टारचे स्टुडिओ आज अनेक देशांत विखुरलेले आहेत. त्यातला एक बेंगळुरूत आहे; ‘ध्रुवा इंटरॅक्टिव्ह’ हा तिथला जुना भारतीय स्टुडिओ 2019 मध्ये रॉकस्टारने घेतला. पण आकार हे कारण अर्धंच उत्तर देतं. काम सुरू झाल्यावर ते किती वर्षं चालेल, हे आकारावर ठरतं. काम कधी हाती घ्यायचं हे मात्र पैसा ठरवतो, आणि पाचवा भाग विकला जात होता तोवर सहाव्याची निकड नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उशीर झाला तर होऊ द्या, अर्धकच्चा गेम नको. ‘सायबरपंक 2077’ अनेकदा पुढे ढकलूनही डिसेंबर 2020 मध्ये इतक्या वाईट अवस्थेत आला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत केले. शिवाय घाईची किंमत कर्मचारी मोजतात. ‘रेड डेड 2’ च्या आधी आठवड्याला शंभर तास काम केल्याचा उल्लेख एका मुलाखतीत आला आणि वादळ उठलं. तो फक्त लेखनाच्या लहान चमूबद्दल होता, असा खुलासा झाला, तरी जादा तासांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस ब्रिटन आणि कॅनडातल्या तीसहून अधिक कर्मचाऱ्यांना काढलं गेलं. गोपनीय माहिती बाहेर दिली म्हणून, असं कंपनी म्हणते. संघटना बांधत होते म्हणून, असं कामगार संघटना म्हणते. तेव्हा सहा महिन्यांच्या विलंबावर चिडण्यात अर्थ नाही हे मला मान्य आहे. म्हणूनच तारखेचा वाद मला पोकळ वाटतो. त्यात कंपनीला ‘दर्जासाठी’ एवढं म्हटलं की पुरतं.

किमतीचा वाद त्यामानाने शहाणपणाचा. 2025 मध्ये ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ अमेरिकेत 80 डॉलरला आला आणि ‘जीटीए 6’ शंभराला जाणार का, यावर तर्क सुरू झाले. अशा ओरडीचा उपयोग होतो: ‘द आउटर वर्ल्ड्स 2’ची किंमत 80 डॉलर जाहीर झाली होती, ती विक्रीआधीच 70 वर आणावी लागली. मात्र ‘शंभर डॉलर?’ म्हणून हबकणाऱ्यांनी हे विसरू नये की जुन्या ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये सगळ्यात मोठं शार्क कार्ड जवळपास शंभर डॉलरलाच विकलं जात आलं आहे. डब्यावरची किंमत एकदाच मोजायची असते. आतल्या दुकानाला वरची मर्यादा नाही.

‘नको असेल तर कार्ड घेऊ नका, कोणी जबरदस्ती केली आहे?’ हे उत्तर ठरलेलं आहे आणि त्यात तथ्यही आहे. कार्डांच्या पैशावरच ऑनलाइनला दशकभर नव्या मोहिमा फुकट मिळाल्या. भारतातही या गेमभोवती भूमिका वठवत खेळण्याची मोठी दुनिया उभी राहिली. कोणी पोलीस, कोणी टॅक्सीवाला, आणि पाहणारे हजारो. ती हौशी मंडळींनी बनवलेल्या सर्व्हरवर वाढली. त्यातल्या ‘फाइव्हएम’मागच्या चमूला रॉकस्टारने 2023 मध्ये स्वतःकडे घेतलं, यावरून पुढची दिशा दिसते. पण कार्ड न घेणाऱ्यालाही परिणाम चुकत नाही. पाचव्या भागाची न आलेली कथा त्यानेही गमावली.

बोलायचं तर विक्रीआधीच बोलावं लागतं, हे 2017 मध्ये दिसलं. ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’मध्ये प्रसिद्ध पात्रं मिळवण्यासाठी लागणारा वेळ आणि खरे पैसे मोजून घ्यायच्या पेट्या पाहून खेळाडू भडकले आणि गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी ईए कंपनीने ती खरेदी बंद केली. ‘जीटीए 6’ च्या दोन्ही ट्रेलरमध्ये नायक जेसन आहे, नायिका लुसिया आहे, नव्याने उभी केलेली व्हाइस सिटी आहे. ऑनलाइनबद्दल एक अक्षर नाही. त्याची घाई कंपनीला असण्याचं कारणही नाही. 2013 मध्ये पाचव्या भागाची परीक्षणं गेम येण्याच्या आदल्या दिवशी छापून आली, भरभरून गुण देणारी. ते सगळे गुण कथेला आणि शहराला होते. ऑनलाइनचं दार त्यानंतर दोन आठवड्यांनी उघडलं, तेव्हा सर्व्हर कोलमडले, कार्डांची विक्री काही दिवस थांबवावी लागली आणि खेळाडूंना गेममधले पाच लाख डॉलर भरपाई म्हणून वाटले गेले. पण तोवर गेम घराघरांत पोचला होता.