गाडीच्या ए.सी.त घरच्या घरी गॅस भरताना

आपल्या वस्त्यांतील कित्येक घरे आज टुरिस्ट गाडीच्या चाकांवर चालतात. हप्ता ठरलेला असतो आणि ए.सी. गार हवा देईना की गिऱ्हाईक कुरकुर करते. मग 'गॅस संपला, भरून टाक' म्हणणारे दहा जण भेटतात. गॅसचा छोटा डबा, नळी आणि मीटर बाजारात मिळतेही. पण डब्याला हात लावण्यापूर्वी थोडा हिशेब करावा.

पेट्रोल जळून संपते, ए.सी.चा गॅस संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो, बारीक छिद्रातून सुटताच थंड पडतो आणि आतली हवा गार करतो. तेव्हा गॅस कमी झाला याचा अर्थ तो गळाला. रबरी नळ्या व सीलमधून वर्षानुवर्षे किंचित झिरपतो, तेवढे चालायचेच. परंतु दोन महिन्यांपूर्वी भरलेला गॅस गेला असेल, तर पुन्हा भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

म्हणून आधी बिनपैशाची कामे करा. फिल्टर झटका, पुढच्या जाळीतली माती हलक्या पाण्याने धुवा, फ्यूज व पट्टा पाहा. पुष्कळदा दुखणे तेथेच असते! नळीच्या सांध्यावर तेलकट डाग दिसला तर तेथे गळती समजा.

भरायचेच ठरले, तर बॉनेटखालची चिठ्ठी वाचा. गॅसचा प्रकार व वजन तिच्यावर असते. ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि जुना आर-१२ मागे पडून आर-१३४ए आला. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. एकाच्या जागी दुसरा भरू नये. कोणी स्वयंपाकाचा गॅस चालतो म्हणाले तरी ऐकू नका, तो पेट घेतो.

काम उघड्यावर करा, डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे घाला, कारण उडालेला गॅस कातडी गोठवतो. इंजिन व ए.सी. चालू ठेवून नळी फक्त कमी दाबाच्या, म्हणजे जाड नळीवरच्या तोंडाला लावा. जास्त दाबाच्या बाजूला लावल्यास डबा फुटू शकतो. डबा उभा धरा आणि थोडा थोडा गॅस सोडा. जास्त भरला तर गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसर बिघडतो. मीटरचा काटा फक्त दाब सांगतो, आत किती ग्रॅम आहे ते सांगत नाही. घरच्या कामातली खरी उणीव हीच.

हवेत सुटलेला आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता धरतो. ४०० ग्रॅम गळाला तर ते ५७२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले.

गॅस पूर्ण गेला असेल तर डबा आणूच नका. आत हवा व ओल शिरलेली असते, ती पंपाने ओढून काढावी लागते. मेकॅनिककडे आधी गळती काढून घ्या, गॅस वजन करून भरायला सांगा आणि बिलावर ग्रॅम लिहून घ्या.