जुनी मारुती ८००: किल्ली देण्याआधी आरसी बघा

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, त्यामुळे दारातली शेवटची ८०० काढताना जीव तुटणारच. पण १५ वर्षं झाली की गाडी भंगारात, हा समज महाराष्ट्रात तरी चुकीचा आहे. फिटनेस पास झाली आणि पर्यावरण कर भरला की खासगी गाडीची आरसी ५ वर्षांसाठी वाढते. म्हणजे घाई नाही. खरी गफलत होते ती कागदांत. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून गाडी दिली, तर आरटीओच्या लेखी मालक तुम्हीच. अपघाताची भरपाई आरसीवरच्या मालकाकडूनच, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. घेणारा ओळखीचा आहे म्हणाल. असेल, पण तो पुढे कुणाला विकेल? भंगारवाल्यालाही हेच लागू. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या.