नकाशाचा फेरफार : मिलच्या सुट्या भागांची संगणकावरील नोंद



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, हुमणी आणि खोडवा व्यवस्थापन यांवरच लिहीत आलो आहोत. या खेपेचा विषय आडवाटेचा आहे. मिलमधल्या सुट्या भागांचे नंबर, त्यांचे नकाशे, त्या नकाशांत वेळोवेळी होणारे बदल आणि हा सगळा पसारा सांभाळणारे संगणकातले कार्यक्रम यांवर चार शब्द लिहायचे आहेत. शेती खात्याच्या माणसाने इंजिनिअरिंगमध्ये नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण मिल बंद पडली की तोडणीचा कार्यक्रम कोलमडतो आणि तोडून पडलेल्या उसाचे उत्तर शेती खात्यालाच द्यावे लागते. म्हणून हा विषय आमचाही आहे.

मध्यंतरी एका गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक वयस्क सभासद म्हणाले, "काय सायेब, नटबोल्टाच्या हिशोबाला बी कंप्युटर? आदी उसाच्या बिलाचं बोला की." बोलणे रास्त होते. एफ.आर.पी.चा पैसा वेळेवर मिळाला पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नटबोल्टाचा हिशोब आणि उसाचे बिल या दोन गोष्टी वाटतात तितक्या लांबच्या नाहीत. कशा, ते पाहू.

अडीच हजार टन गाळपक्षमतेच्या कारखान्यात तासाला शंभरावर टन ऊस गव्हाणीत पडतो. आठ तास मिल थांबली तर आठशे टनांवर ऊस वाहनात किंवा फडात अडकतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सोळा टनांचा धरला, तरी पन्नास ट्रॅक्टर यार्डात उभे राहतात. थंडीत एक वेळ चालते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तोडलेला ऊस तासागणिक वजनात आणि साखरेत घटतो. वजनातली घट शेतकऱ्याच्या अंगावर, उताऱ्यातली घट कारखान्याच्या. उताऱ्यावरच पुढचा भाव ठरतो, म्हणजे तीही फिरून आपल्याच अंगावर येते.

आता मिल थांबते कशाने? कारणे पुष्कळ आहेत. त्यांतले एक कारण मात्र कागदाचे असते. ट्रॅश प्लेटचे उदाहरण घ्या. मिलच्या खालच्या दोन रोलरांच्या मधे ही जाड पट्टी बसते. तिला एका बाजूने दाते असतात व ते रोलरच्या खाचांत नेमके बसावे लागतात. पिळलेला चोथा तिच्यावरून पुढच्या रोलरकडे सरकतो. रोलर दर हंगामाला झिजतो. ऑफ सीझनमध्ये तो लेथवर घेऊन खाचा पुन्हा कोरतात, कधी खाचेचे माप बदलतात. रोलरचा व्यास कमी होतो. पण ट्रॅश प्लेटचा नकाशा स्टोअरमध्ये जुनाच लटकत असला आणि ऑर्डर त्या नकाशावर गेली, तर समजा काय होईल? नवी कोरी प्लेट येईल, नकाशाप्रमाणे बिनचूक असेल आणि जागेवर बसणार नाही. मग भर हंगामात गॅस कटर, वेल्डिंग, घासणे, ठोकणे. प्लेट करणाऱ्याचा यात दोष नाही, बसवणाऱ्याचाही नाही. बदल झाला आणि त्याची नोंद सगळ्यांपर्यंत गेली नाही, एवढेच घडलेले असते.

हा प्रकार आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. आपला सातबारा हाच त्याचा दाखला. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागला, तर तलाठी (२०२४ पासून त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले) सातबारावर वाटेल तशी खाडाखोड करत नाहीत. आधी फेरफाराची नोंद होते, तिला नंबर पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, मग सातबारा बदलतो. जुना फेरफारही जागेवर राहतो. वीस वर्षांनी कोणी विचारले तरी कोणत्या नोंदीने नाव लागले ते काढता येते.

इंजिनिअरिंगमध्ये नेमके हेच करतात. प्रत्येक भागाला नंबर असतो, तो त्याचा गट नंबर समजा. प्रत्येक नकाशाला आवृत्तीचे अक्षर असते. नकाशात काही बदलायचे तर बदलाचा आदेश निघतो : काय बदलायचे, का बदलायचे, हा भाग आणखी कुठे कुठे बसतो, स्टोअरमधल्या जुन्या मालाचे काय करायचे, नवा भाग कोणत्या यंत्रापासून लावायचा. ज्यांचा संबंध त्यांनी पाहून मंजुरी दिली की नवी आवृत्ती चालू होते आणि जुनी मागे पडते. पुसली मात्र जात नाही. यात एक नियम फार मोलाचा आहे. जुना आणि नवा भाग एकमेकांच्या जागी चालत असेल तर नुसते अक्षर बदलावे. चालत नसेल तर नंबरच नवा द्यावा.

हा नियम मोडला तर काय होते, ते अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रकरणात दिसले. गाडीच्या किल्लीचा स्विच सैल होता. चालत्या गाडीत किल्ली मागे सरकायची, इंजिन बंद पडायचे आणि अपघातात एअरबॅग उघडायची नाही. २००६ मध्ये स्विचच्या आतली लहानशी स्प्रिंग व खिट्टी बदलून तो घट्ट केला गेला. सुधारणा चांगलीच होती. पण भागाचा नंबर तोच ठेवला. पुढे काही वर्षे जुन्या गाड्यांत दोष आणि नव्या गाड्यांत नाही, हे कोडे तपासणाऱ्यांना उलगडेना, कारण कागदावर दोन्ही स्विच एकच होते. अखेर नुकसानभरपाईच्या दाव्यात वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने जुना-नवा स्विच खोलून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा फरक उघड झाला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले. खिट्टी बोटाच्या पेराएवढी असेल नसेल.

दुसरे उदाहरण विमानाचे. एअरबसच्या ए-३८० या अजस्र विमानाची रचना युरोपातल्या निरनिराळ्या देशांत चालली होती. जर्मनीतले लोक नकाशे काढण्याच्या कार्यक्रमाची जुनी आवृत्ती वापरत होते, फ्रान्समधले नवी. विमानात शेकडो किलोमीटर विजेच्या तारा. २००६ मध्ये जोडणीच्या वेळी तारांच्या जुड्या आखूड पडू लागल्या, ठरल्या वाटेने पोचेनात. पहिले विमान २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ग्राहकाला मिळाले, आणि एकूण कामाला दोन वर्षांच्या आसपास उशीर झाला. म्हणजे नुसता संगणक आला की भागले, असे नाही. सगळ्यांच्या समोर एकच नकाशा पाहिजे.

इतके लांब तरी कशाला जा. निलंग्याहून लातूरला जाताना ज्याची चर्चा एस.टी.त चालते, तो हरंगुळचा मराठवाडा रेल्वे कोच कारखाना घ्या. २०१८ च्या मार्चमध्ये त्याची पायाभरणी झाली, २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. पुढे २०२३ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांचे १९२० डबे बनवण्याचा करार रशियन भागीदारीतल्या कंपनीशी झाला व ते काम लातूरला द्यायचे ठरले. २०२४ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत आले की, डब्यात जास्तीचे स्वच्छतागृह, गाडीत खानपानाची सोय आणि सामानाला जागा हवी, अशी मागणी झाली आणि कंपनीच्या प्रमुखांच्या म्हणण्याप्रमाणे आराखडा पुन्हा मांडावा लागणार होता. आपल्याकडे लोक हसले, "एका संडासापायी रेल्वे अडली म्हणे." पण विचार करा. एक स्वच्छतागृह वाढले की पाण्याची टाकी वाढते, नळ वाढतो, विजेची तार वळते, बर्थ सरकतात, खिडकी सरकते, वजन बदलते. त्या एका बदलाचा धागा किती भागांना ओढतो हे डोक्यात धरून ठेवणे माणसाच्या आवाक्यातले नाही. त्यासाठीच हे कार्यक्रम निघाले.

ते करणारे लोक तरी कुठे आहेत? बरेचसे पुण्यात. पीटीसी या अमेरिकन कंपनीची विंडचिल, सीमेन्सची टीमसेंटर, फ्रान्सच्या दासो कंपनीची प्रणाली, या तिन्ही जगभर चालतात आणि तिन्ही कंपन्यांची मोठी कचेरी पुण्यात आहे. आपल्या भागातली पोरे तिथे नोकरीला असली तर नवल नाही.

अलीकडे या कार्यक्रमांत काय नवे आले, ते थोडक्यात सांगतो. पहिले म्हणजे पूर्वी ते आपल्याच कचेरीतल्या मोठ्या संगणकावर बसवावे लागत. आता इंटरनेटवरून भाड्याने मिळतात. माणशी, वर्षाला अमुक रक्कम. दुसरे म्हणजे साध्या भाषेत प्रश्न विचारला की नकाशा किंवा भाग शोधून देणारा मदतनीस त्यांत येऊ लागला आहे. तिसरी सोय आमच्या मते सगळ्यांत कामाची : एकच वस्तू दोन-तीन नावांनी नोंदलेली असेल तर ती हुडकून समोर ठेवणे. स्टोअर पाहिलेल्या माणसाला याची किंमत कळेल. एकच बेअरिंग एका कपाटात कंपनीच्या नंबराने, दुसऱ्यात मापाने आणि तिसऱ्यात "मोठे बेअरिंग, जुने" या नावाने पडलेले असते. तिन्हीकडे माल असतो आणि तरी चौथ्याची ऑर्डर जाते. तो पैसा कोणाचा, हे सभासदांना सांगायला नको.

शिवाय एक फुकटची सोय आहे, तिची जाहिरात कोणी करत नाही. फ्रीकॅड नावाचा नकाशे काढण्याचा कार्यक्रम बिनपैशाने मिळतो. त्याची १.० ही आवृत्ती बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर २०२४ च्या नोव्हेंबरात निघाली. आधीच्या आवृत्तीत एक जाच होता. मूळ आकारात थोडा बदल केला की त्यावर पाडलेली भोके भलत्याच बाजूला जाऊन बसत. हा जाच १.० मध्ये पुष्कळसा मिटवला आणि सुटे भाग जोडून पाहण्याची सोयही त्यातच आली. रोलरचा व्यास बदलल्यावर ट्रॅश प्लेट कशी बसेल, हे पडद्यावर पाहण्याइतके काम त्यात होते.

आमचे मत विचाराल तर सरळ सांगतो. विमाने आणि मोटारी करणाऱ्यांच्या बड्या प्रणाल्या एकट्या साखर कारखान्याने भाड्याने घेऊ नयेत. तो खर्च आपल्याला पेलणारा नाही आणि त्यातल्या दहातल्या आठ सोयींचा आपल्याला उपयोग नाही. पण शिस्त मात्र त्यांचीच घ्यावी. ऑफ सीझनमध्ये मिल उघडलेली असते, तेव्हा प्रत्येक भागाचे खरे माप घ्यावे, एक भाग एक नंबर द्यावा, जुन्या निळ्या नकाशांवर "रद्द" असा शिक्का मारून ते बांधून ठेवावेत आणि बदलाची नोंद फिटरपासून चीफ इंजिनिअरपर्यंत सगळ्यांच्या सहीने व्हावी. हे साध्या संगणकावर होते, वेळ पडली तर वहीतही होते. आणि अवघड भाग इथेच आहे. आपल्याकडे माप फिटरच्या डोक्यात असते. तीस-तीस वर्षे मिलवर काढलेले मिस्त्री हाताने चाचपून फरक सांगतात. तो माणूस निवृत्त झाला की नोंदवही घरी जाते. या मंडळींना शेजारी बसवून लिहून घेणे हे काम आधी झाले पाहिजे, संगणक मागाहून. एकाच बनावटीची मिल असलेले शेजारचे चार-पाच कारखाने मिळून अशी यादी करतील तर आणखी स्वस्तात होईल. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेने जसे उसाच्या जातींचे पाहिले, तसे याही बाबतीत कोणी पुढाकार घ्यावा असे आम्हाला वाटते.

उसाच्या जातींचा विषय निघालाच आहे तर सांगतो, शेती खात्यात ही शिस्त आधीपासून आहे. को ८६०३२ हे नाव नसून नंबर आहे. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून ती जात आली, हे नंबरावरून काढता येते. तरीही नोंद देताना "शहाऐंशी" लिहून शेतात २६५ उभा, असे फड आम्ही दर वर्षी पाहतो. मग पक्वतेचा अंदाज चुकतो, तोडणीचा क्रम चुकतो आणि सभासद म्हणतात, आमचा ऊस मागे का ठेवला. नंबर चुकला की पुढचे सगळे चुकते. मग तो रोलर असो की ऊस.

ज्या सभासदांनी ऊस तोडणी यंत्र घेतले आहे, त्यांना हा विषय आजच लागू आहे. एकाच मॉडेलच्या यंत्रात कंपनी दरम्यान बदल करत असते. पार्टच्या पुस्तकात "अमुक सिरीयल नंबरपर्यंत हा भाग, त्यापुढे तो" असे छापलेले असते. तोच तो फेरफार. शेजाऱ्याच्या यंत्राला बसले म्हणून आपल्या यंत्राला बेस कटरचे किंवा चॉपरचे पाते बसेलच असे नाही. तेव्हा यंत्रावरच्या पट्टीवरील सिरीयल नंबर व इंजिन नंबर फोटो काढून ठेवा. भाग मागवताना नुसते नाव न सांगता पुस्तकातला पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासह सांगा. बदललेला जुना भाग हंगाम संपेपर्यंत फेकू नका. कोणता भाग किती तास चालून कधी बदलला, ते यंत्राच्या केबिनमध्ये ठेवलेल्या वहीत ड्रायव्हरकडून लिहून घ्या. ही वही हंगामाच्या शेवटी गट कार्यालयात दाखवली तर आपल्या भागातल्या सगळ्या यंत्रांची मिळून एक यादी शेती खाते करील आणि कोणते भाग हंगामापूर्वी हाताशी ठेवायचे ते त्यावरून ठरवता येईल. सिरीयल नंबर आपल्या गटाच्या स्लिप बॉयकडे नोंदवावेत.